माशाक बघू नको, पाण्याक बघ

फेब्रुवारी-मार्चच्या रविवारी आम्ही दोघं डेन्व्हरच्या घराजवळच्या बागेत बर्फावर प्लॅस्टिकच्या ताटल्या मांडायचो. एक तीस फुटांवर, एक चाळीसवर, एक पन्नासवर. अंगात जाड जाकिटं, हातात बोटं उघडी ठेवणारे हातमोजे आणि नवाकोरा आठ नंबरचा रॉड. लाइनच्या टोकाला लोकरीचा छोटा गोंडा बांधलेला. वाऱ्याकडे तोंड करून तो गोंडा ताटलीत पाडायचा, तोही दोन झोक्यांत. सहा आठवडे हे चाललं, कारण एप्रिलच्या शेवटी आम्ही मध्य अमेरिकेतल्या बेलिझला जाणार होतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्याची ही सहल, आणि खाऱ्या पाण्यात फ्लाय फिशिंग करायची आमची पहिलीच वेळ.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. आपल्याकडे गरीला आमिष लावतात, वर शिसं बांधतात आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे पिसं, केस, चकचकीत धागे आणि बारीक मणी गळावर बांधून खोटा किडा किंवा खोटी कोळंबी तयार करतात. ती म्हणजे फ्लाय. तिला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं दोरीला. ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत हवेत लांबवायची आणि अलगद सोडायची. कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीवर आम्ही चौदा वर्षं ट्राउटसाठी हे करतोय. तिथला कुठला दगड कोणत्या महिन्यात बुडतो, हेसुद्धा आता पाठ आहे.

माझं आजोळ मालवणजवळच्या देवबागचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. आजोबा संध्याकाळी खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून खाडीवर निघायचे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत टोपली घेऊन त्यांच्यामागे जायचा मान माझा. गुडघाभर पाण्यात ते कितीतरी वेळ नुसते उभे राहायचे. मला कंटाळा यायचा. "आजोबा, मासे खंय दिसतत?" असं विचारलं की म्हणायचे, "माशाक बघू नको, पाण्याक बघ." मग अचानक पाग हवेत गोल उघडायचा, आणि वर येताना त्यात सात-आठ बोय फडफडत असायचे. त्यांना ते कसे दिसले, हे मला तेव्हा कधीच कळलं नाही.

डेन्व्हरहून ह्यूस्टन, तिथून बेलिझ सिटी आणि पुढे डझनभर माणसांचं एका पंख्याचं विमान. ते पंधरा-वीस मिनिटं इतकं खालून उडतं की पाण्यातल्या चपट्या, शेपटीत काटा असलेल्या पाकटांच्या सावल्या मोजता येतील असं वाटतं. अँबरग्रिस बेट चाळीसेक किलोमीटर लांब आणि बारीक, गाव सान पेड्रो. बाहेरच्या अंगाला प्रवाळाची भिंत, तिच्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. ही भिंत १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतल्या अंगाला मात्र लाट नाही. मैलोन्मैल गुडघाभर पाणी, खाली पांढरी माती, समुद्रगवताचे पट्टे आणि कांदळवनाची बेटं. या उथळ पठारांना फ्लॅट्स म्हणतात. आमचं काम तिथेच होतं.

बेलिझ म्हणजे जुना ब्रिटिश होंडुरास, १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. शाळा-कचेरीत इंग्रजी, घरात स्पॅनिश, रस्त्यावर क्रिओल. सान पेड्रो वसवलं ते एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोच्या युकातानमधल्या यादवीतून पळून आलेल्या मेस्तिसो, म्हणजे माया आणि स्पॅनिश अशा मिश्र वंशाच्या लोकांनी. आमचा गाईड त्यांच्यातलाच, पन्नाशीचा, शांत. त्याचे वडील लॉब्स्टर पकडायचे. आम्ही गेलो तेव्हा लॉब्स्टरची बंदी चालू होती, त्यामुळे हॉटेलांत तो मिळत नव्हता. आपल्या पावसाळी बंदीची आठवण झाली. देशाच्या दक्षिणेला आणि उत्तरेला भारतीय वंशाची गावं आहेत. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून नेलेल्यांचे हे वंशज. त्यांच्या घरी कोंबडीच्या पिवळ्या रश्शाला 'ताकारी' म्हणतात आणि हळदीला पिवळं आलं. आमच्या खोल्यांची देखभाल करणाऱ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी 'तरकारी' हा शब्द त्यांना म्हणून दाखवला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला आणि माझा हात धरला.

पहिल्या दिवशी मला काहीही दिसलं नाही.

पांगा नावाची सपाट तळाची लांब होडी. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एकाने रॉड घेऊन उभं राहायचं, मागे गाईड लांब काठी तळाला टेकत होडी आवाज न करता ढकलतो, दुसऱ्याने मधे बसायचं. दिशा घड्याळावर सांगतात. नाळ म्हणजे बारा. डावा हात सरळ बाजूला तो नऊ, उजवा तीन. गाईड हलक्या आवाजात म्हणायचा, "मिस, दहा वाजता, पन्नास फूट, चार मासे, डावीकडे चाललेत." मी दहावर बघायची. पाणी, गवत, ऊन. "चाळीस फूट." पाणी, गवत, ऊन. "तीस." आणि मग चार करड्या रेघा होडीखालून बाणासारख्या निघून जायच्या. माझ्या हातातली फ्लाय हातातच राहायची.

आम्ही ज्याच्यामागे होतो त्या बोनफिश माशाला करडं भूत म्हणतात ते उगीच नाही. त्याची कूस आरशासारखी असते. वाळूवर गेला की वाळूचा रंग, गवतावर गेला की गवताचा. मासा दिसत नाही, तळावर पडलेली त्याची सावली दिसते. तपकिरी काचांचे पोलराइज्ड चष्मे आम्ही घेऊन गेलो होतो, त्याशिवाय तर पाण्याचा नुसता पत्रा दिसतो. पण चष्म्याने चकाकी जाते, नजर येत नाही. एक ढग सूर्यावर आला की गाईडसुद्धा काठी रोवून थांबायचा.

नवऱ्याला पहिल्याच दिवशी मासे दिसू लागले. त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्याचं दुखणं वेगळंच होतं. ट्राउटने फ्लाय घेतली की रॉड झटकन वर उचलायचा, हे चौदा वर्षांत त्याच्या मनगटात मुरलेलं. बोनफिश फ्लायचा पाठलाग करत समोरून येतो आणि तळावर दाबून ती आत ओढतो. अशा वेळी रॉड वर उचलला की फ्लाय त्याच्या तोंडातून उचलली जाते. रॉड पाण्याकडे सरळ रोखून डाव्या हाताने लाइन मागे खेचायची असते, लांब, एका दमात. गाईड ओरडायचा, "स्ट्रिप! स्ट्रिप!" आणि नवऱ्याचा उजवा हात वर जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असं आठ वेळा झालं. आठ मासे त्याच्या फ्लायवर आले, आठही गेले.

आम्ही ठरवलं होतं, एक मासा किंवा वीस मिनिटं, मग जागा बदलायची. नवव्यांदा त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "तू जा." मी म्हटलं, "पाळी तुझी आहे." तो म्हणाला, "जा ना तू." पंचवीस वर्षांत मी त्याचा हा आवाज मोजके वेळा ऐकला आहे. एकदा त्याची नोकरी गेली तेव्हा, एकदा त्याचे बाबा गेले तेव्हा. मी उठून नाळेवर गेले, मला मासे दिसत नव्हते तरी. त्या संध्याकाळी आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसलो. बेटाच्या बाहेरच्या किनाऱ्यावर सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग लागले होते, त्यांचा वास येत होता. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने धक्क्यावर पडलेल्या दोरीचं एक टोक लाकडाला बांधलं, दुसरं डाव्या हातात घेतलं आणि खेचायला लागला. उजवा हात मांडीवर घट्ट दाबून. खेच, सोड, खेच, सोड. अंधार पडेपर्यंत तो ते करत होता आणि मी शेजारी बसले होते.

तिसऱ्या दिवशी वारा पंधरा नॉटच्या आसपास. कांदळवनाच्या एका बेटाआड, वारा अडतो अशा जागी आम्ही होतो. नाळेवर मी. सकाळचे साडेनऊ असतील. मी डोळे ताणून दहावर, अकरावर, बारावर माशांचे आकार शोधत होते. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं म्हणून नजर सैल सोडली, आणि तेव्हा एकच्या दिशेला पाण्याचा एक तुकडा वेगळा दिसला.

बाकीच्या पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या होत्या, सगळ्या एका दिशेच्या. त्या चटईएवढ्या तुकड्यावर मात्र सुरकुत्या आडव्या होत्या, बारीक, थरथरणाऱ्या. कढत दुधावर साय धरायच्या आधी ते थरथरतं ना, तसं. आणि तो तुकडा सरकत होता. मला कर्लीची खाडी आठवली असं म्हणणं खरं नाही, आठवायला वेळच नव्हता. मला फक्त कळलं की हे बोय आहेत. चाळीस वर्षांपूर्वी आजोबांबरोबर उभं राहून मी हेच पाणी बघितलं होतं. आपण काय बघतोय हे तेव्हा माहीत नव्हतं, इतकंच.

मी बोट दाखवलं. गाईडने बघितलं आणि काठी थांबवली. "बोनफिश," तो म्हणाला, "साठ-सत्तर असतील. मिस, तुम्ही आधी बघितलंत." अशा पाण्याला ते लोक घाबरलेलं पाणी म्हणतात.

झोके दोन. फ्लाय थव्याच्या सहा-सात फूट पुढे पडली. थांबा, म्हणाला. थांबले. खेचा, म्हणाला. लहान, लहान, थांबा, लहान. मग डाव्या हाताला जडपणा लागला, ओल्या कपड्याला लागावा तसा. मी रॉड सरळ ठेवून लाइन मागे खेचली आणि ती तिथेच अडकली. पुढच्या क्षणी होडीच्या तळावर वेटोळं होऊन पडलेली लाइन हवेत उठली. ती माझ्या तर्जनीवरून धावली, बोटाची कातडी सोलली गेली, आणि मग रील वाजायला लागलं.

ट्राउट पळतो तो प्रवाहाच्या आधाराने. या माशाला कशाचाच आधार लागला नाही. तीन पौंडांचा असेल. पिवळी लाइन सगळी संपली, मग तिच्यामागची पांढरी बारीक दोरी निघाली, जी आमच्या ट्राउटच्या रीलवर चौदा वर्षांत कधी बाहेर पडली नव्हती. सत्तर-ऐंशी यार्डांवर तो थांबला. मी गुंडाळत आणला, होडी दिसताच तो पुन्हा गेला. तीनदा असं झालं. नवरा मागून एकच वाक्य म्हणत होता, "सावकाश गं, सावकाश."

तो पाण्यातच धरला. हात आधी ओले करायचे, हाताला सनस्क्रीन नको, पाण्याबाहेर काढायचा नाही. मी पहिल्यांदा बोनफिश इतक्या जवळून बघितला. पाठ हिरवट, तिच्यावर अंधुक आडवे पट्टे, ते बघता बघता फिकट होत गेले. डोळा मोठा, आणि त्यावर पारदर्शक जेलीचा थर, काचेच्या पापणीसारखा. तोंड खालच्या बाजूला, कारण तो नाकाने माती उकरून खेकडे, कोळंबी काढतो. नाक खाली गेलं की शेपूट पाण्याबाहेर येतं आणि उन्हात चमकतं. खवले इतके नेटके, सोनाराच्या हातचे वाटावेत. गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट केलेला होता, त्यामुळे तो बोटाने सुटला. मी माशाला तोंड प्रवाहाकडे करून धरलं. त्याने दोनदा श्वास घेतल्यासारखं केलं आणि माझ्या मुठीतून सरकला. गाईड चहूकडे बघत होता, कारण दमलेला मासा सोडला की बॅराकुडा किंवा शार्क तिथेच टिपतात.

इथे मला थांबून एक गोष्ट लिहायची आहे. ट्राउट सोडताना मला कधी काही वाटलं नाही, तो माझ्या जिभेचा मासाच नव्हता. समुद्राचा मासा सोडणं हे माझ्या घरात कुणी केलेलं नाही. बोनफिशला नाव पडलं ते काट्यांवरून, पाला माशासारखे बारीक काटे, पण तो खाणारे लोक आहेत. बेलिझमध्ये २००९ मध्ये कायदा झाला की बोनफिश, टार्पन आणि पर्मिट हे तीन मासे पकडले तर सोडायचेच. गाईडने त्याचा हिशोब सरळ सांगितला. मेलेला बोनफिश एकदा विकला जातो, जिवंत बोनफिश दर आठवड्याला कुणालातरी इथे घेऊन येतो, त्याच्या मुलीचं कॉलेज त्यावर चाललंय. त्याच देशाने आधी ट्रॉलरची तळ खरवडणारी जाळी बंद केली आणि २०२० मध्ये मासे कल्ल्यांत अडकवणारी गिलनेटही.

सान पेड्रोच्या दक्षिणेला होल चान नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, १९८७ चं. मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेही १९८७ मध्येच. मी नववीत होते. मालवणात मच्छिमारांचा विरोध झाला, कारण त्यांना वाटलं आपला समुद्र आपल्या हातातून जातोय, आणि ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यानंतर अख्खा थवा वेढणारी पर्ससीन जाळी आली, रात्री डोळे दिपवणारे एलईडी आले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांच्या जाळ्यात येणारं मासळीचं प्रमाण कमी होत गेलं, हे मामाच्या तोंडून दर सुट्टीत ऐकते. देवबाग-तारकर्लीचे कितीतरी पोरगे आता पर्यटकांना स्कूबाला नेतात, त्यांना पाणी माहीत आहे. खाडीतलं पाणी वाचता येणारा माणूस हा केवढा मोठा जाणकार आहे, हे आम्ही बेलिझमध्ये दिवसाला पैसे मोजून शिकलो. माझ्या आजोबांना हे कुणी म्हटलं नाही. मला वाईट वाटतं ते याचं.

भरती-ओहोटीचं मात्र माझं ज्ञान तिथे फारसं चाललं नाही. देवबागला उधाणाच्या भरतीला पाणी दोन-अडीच मीटर चढतं, भांगाला कमी. अँबरग्रिसला सगळा खेळ जेमतेम फूटभराचा. पण फ्लॅटवर पाणीच गुडघाभर, त्यामुळे वीतभर चढलं तरी मासे कांदळाच्या मुळांत शिरतात आणि वीतभर उतरलं की बाहेर येतात. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उपयोगी पडली. पाण्यात उतरून चालताना पाय उचलायचा नाही, तळावर घासत न्यायचा, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट उठून जातं. गाईड हे सांगायच्या आधीच मी तशी चालत होते. त्याने विचारलं, "हे कुठे शिकलात?"

चौथा दिवस पर्मिटमागे गेला. काळ्या कोयत्यासारखा पाठीचा पर, ताटाएवढं रुंद अंग, खेकड्याची फ्लाय. दोन मासे मागे आले, फ्लायपर्यंत नाक नेलं आणि वळले. पर्मिटबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं आमच्याकडे काही नाही. त्या रात्री नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, लाल रश्श्यातली कोंबडी आणि वर हबानेरो मिरचीचा सॉस. नवरा पोटभर जेवला, तेव्हा मला बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी सकाळी वारा पडला. बेटाच्या पश्चिमेला पाणी इतकं स्थिर की कांदळाची प्रत्येक मुळी दोनदा दिसत होती. पाळी नवऱ्याची. दोन दिवसांत त्याला दोन संधी मिळाल्या होत्या, दोन्ही वेळा हात वर गेला होता. तो नाळेवर उभा राहिला आणि मी मधे, गुडघ्यावर बसून, त्याच्या पायाजवळची लाइन गुंतू नये म्हणून सोडवत होते.

गवताच्या पट्ट्यापलीकडे तीन शेपट्या वर आल्या, बुडाल्या, पुन्हा वर आल्या. गाईडची नजर दुसरीकडे होती. मी आवाज न चढवता म्हटलं, "अकरा वाजता. पंचेचाळीस फूट. तिघे खातायत."

"दिसले," नवरा म्हणाला.

फ्लाय पडली ती ताटलीत पडावी तशी. एक शेपूट वळलं. तो लाइन थोडी थोडी ओढत होता आणि पाण्यात मागे मागे एक करडी सावली येत होती. ती थांबली. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात हलला नाही. डावा हात मागे गेला, लांब, कमरेच्या मागेपर्यंत, आणि लाइन ताणली गेली.

तो मासा माझ्या माशापेक्षा लहान होता, दोन पौंडांचा असेल. नवरा होडीतून पाण्यात उतरला आणि गुडघे टेकून बसला. मीही उतरले. त्याने माशाला पोटाखालून हात देऊन धरलं, मी शेपटीजवळ. काटा काढला, तरी मासा काही क्षण तसाच राहिला, कल्ले उघडत-मिटत. मग तो गेला. पाण्यात मातीचा एक लहानसा ढग उठला, आणि तो खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही हात पाण्यातच ठेवून बसलो होतो.